नाव न घेता मारलेली हाक

१

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो तिच्या तोंडाने. चूल पेटायच्या आधी तिचं बोलणं पेटायचं. लाकडं ओली आणली म्हणून मला, उष्टी भांडी तशीच ठेवली म्हणून सुनेला, उशिरा उठला म्हणून पोराला, आणि यातलं कुणीच हाताशी नसलं तर धरणावरून येणाऱ्या वाऱ्याला. बोलताना तिचा हात चालायचा, आणि हाताबरोबर काकणं वाजायची. मी गळ घेऊन पाण्याकडे निघालो की पाठीमागून ठरलेलं यायचं, "जावा. मासं वाट बघत बसल्यात तुमची." मी उत्तर देत नसे. तिचा आवाज बांधापर्यंत ऐकू यायचा, पुढे लव्हाळ्यात विरायचा. मग मी पाण्याशी एकटा बसायचो, आणि खरं सांगायचं तर थोड्याच वेळात मला करमेनासं व्हायचं.

मी हैबतराव. शाळा मी बाहेरूनच पाहिली, म्हणून जे झालं ते जसं आठवतं तसं सावकाश सांगतो. घर मुळशी धरणाच्या काठाला. ती म्हणजे रंभाबाई, माझी बायको. मुलगा अमोल, सून सायली. मागच्या खोलीत जुईली नावाची मुलगी भाड्याने राहते, कंपनीचं काम घरात बसूनच करते. अमोलची मोठी गाडी आहे. शनिवार-रविवारी रिसॉर्टवर पाहुणे येतात, त्यांना तो फिरवतो. ताम्हिणी दाखवतो, लवासातली रिकामी घरं दाखवतो.

पाण्यालगत आमचं एक खाचर उरलं होतं, आंबेमोहोराचं. बाकीची जमीन बंगलेवाल्यांना गेली. हे पाहुण्यांसाठी तंबू ठोकणाऱ्या तंबूवाल्यांना द्यावं असं अमोलला वाटे. रंभा देत नव्हती. तितं भातच उगवंल, एवढंच म्हणायची, आणि त्यावरून दोघांचं रोज वाजायचं. मी मध्ये पडत नसे. मला खाचराचं एवढं नव्हतं. मला तिचं होतं. ती ज्या बाजूला, ती माझी बाजू.

भात झोडून झालं, थंडी पडली, आणि अमोलने नवीन काढलं. पाहुण्यांना समुद्रावर न्यायचं. वाटेत बघण्यासारखं दाखवायचं, आणि होड्या लागतात त्या धक्क्यांवर थांबून त्यांना गळ टाकायला द्यायचा. शहरातल्या माणसांना त्याची फार हौस, म्हणाला. पण पाहुणे न्यायच्या आधी एकदा आपला आपण रस्ता बघून येऊ, तुम्ही दोघंही चला. घाट उतरला की समुद्र, पण आम्ही दोघांनी तो जन्मात पाहिला नव्हता.

२

ताम्हिणीच्या वळणांवर तिने दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. सायलीने हुंगायला लिंबू दिलं. ते हुंगत हुंगत ती अमोलला म्हणाली, "हळू चालीव. मी तुजी पावनी न्हाई, आई हाय."

दरी दिसते तिथे उतरलो. सायलीने फोन वर धरला आणि आत्या हसा की, म्हणाली. रंभा म्हणाली, कशाला हसू, दाखवायला दात हायेत का? त्या बोलण्यावर सायलीच इतकी हसली की फोटो हलला.

माणगाव गेलं, म्हसळा गेलं, आणि डोंगर संपल्यावर एकदम ते पाणी आलं. रंभाने पदर आवळून घेतला, वाळूत चार पावलं गेली, वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकली.

"एवढं पाणी," ती म्हणाली, "आन् एक खाचर भिजत न्हाई ह्येच्यावर. काय करायचं ह्येला?"

पहिला धक्का नवा होता. पुण्याची पोरं ओळीने उभी, प्रत्येकाच्या हातात चाकाची काठी. अमोलनेही तसली घेतली आहे. त्याने कोळंबी लावून टाकली आणि एक शिंगाळी काढली. मी आपला हाताचा दोर नेला होता, कणकेची गोळी लावून. समुद्राच्या माशाला कणीक कळली नाही. तेवढ्या वेळात रंभा एका सुकट विकणाऱ्या बाईशी आधी भांडली आणि मग तिच्याशेजारी जाऊन बसली. तिची ती सवयच. कुठल्याही गावात, कुठल्याही अनोळखी बाईशेजारी बसायचं आणि पाणी प्यायच्या आत तिच्या सासूपर्यंत पोचायचं. निघताना त्या बाईने तिला मूठभर सुकट उगाच दिली, आणि वाटेत गाडीभर वास सुटला म्हणून रंभा आम्हालाच बोलली.

इथपर्यंत सगळं जिथल्या तिथे होतं. ते मला पुन्हा पुन्हा आठवून बघावंसं वाटतं.

३

पुढे एक रुंद खाडी आहे. गाड्या नेणारी फेरीबोट तिच्यावर चालते. बोटीला वेळ होता म्हणून अमोल एका कच्च्या रस्त्याला वळला. तिथे जुना धक्का आहे, गर्दी नसते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

सुरूची झाडं संपली आणि धक्का दिसला. लांब, काळ्या दगडांचा, टोकाला उतरता होत पाण्यात गेलेला. होडी एकही नव्हती. वारा पडला होता. पाणी हलत नव्हतं, पण खाली दगडांच्या फटींत शिरून निघत होतं, आणि त्याचा आवाज येत होता, दमेकऱ्याच्या छातीसारखा.

टोकाला काही बाया रांगेने बसल्या होत्या. पाण्याकडे तोंड, आमच्याकडे पाठ, डोक्यावरून पदर. किती होत्या ते सांगता येत नाही. माझ्या उजव्या डोळ्यावर पडदा आला आहे, त्यात पाण्यावरचं ऊन. होडीची वाट बघत असतील असं वाटलं. रंभाला बाया दिसल्यावर ती थांबते कशाची. बसते जरा बायांत, म्हणाली, चपला हातात घेतल्या आणि दगडांवरून जपून पाय टाकत गेली. रांगेच्या कडेला बसली. तिचा हात चालायला लागलेला मी लांबून पाहिला. शेजारणीने मात्र मान वळवलेली दिसली नाही. कुणाचीच मान हलली नाही.

अमोलने गळ टाकला. काही लागलं नाही. लागलं नाही म्हणजे कुणी हुंगलंही नाही, कोळंबी जशी गेली तशी वर आली. त्याने पुन्हा टाकला, पुन्हा तसंच. पाण्यात जीवच नाही, असं काहीतरी पुटपुटून त्याने काठी आवरली. सायली गाडीत जाऊन बसली. अमोलने हॉर्न दिला. टोकाला कुणी हललं नाही. मग मी हाक मारली.

आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. लग्नात तिने उखाण्यात घेतलं असेल माझं, तेवढंच. मी तर तेवढंही नाही. "आवं" आणि "आगं" एवढ्यावर संसार झाला. तशीच हाक मारली.

"आगं, चल. गाडी निघाली."

रांगेतली एक उठली. पदर सारखा केला आणि वळली. तेवढं पाहून मी पाठ फिरवली आणि चालू लागलो. रस्त्याने मी पुढे, ती मागे, असंच आम्ही आयुष्यभर चाललो. मागे वळून बघायची मला कधी गरज पडली नव्हती.

४

ती गाडीत माझ्या शेजारी बसली. दार तिने अलगद लावलं. सकाळपासून त्या दाराशी तिची लढाई चालली होती.

मी विचारलं, कोण होत्या बाया?

"व्हत्या आपल्या," ती म्हणाली.

पुढे काही नाही. कुणाची सासू नाही, कुणाचा नवरा नाही. दमली असेल, मी म्हटलं. ऊन लागलं असेल. तिच्याकडे पाहिलं. हनुवटीवरचं गोंदण जागच्या जागी. कानाची पाळी ओघळलेली, तीही तशीच. लुगडं तेच. तिने हात वर करून केस मागे सारले आणि मला काहीतरी खटकलं, पण काय ते कळायला थोडा वेळ गेला. काकणं वाजली नव्हती. हातात होती, हिरवी, मनगटापासून वर सरकली, पुन्हा खाली आली, आणि आवाज झाला नाही. गाडीच्या घरघरीत ऐकू आलं नसेल म्हणून मी काच वर घ्यायला लावली. तिने पुन्हा पदर सारखा केला. मी कान देऊन बसलो होतो.

एका फाट्यावर अमोलने गाडी थांबवली. फोनला रेंज नव्हती.

"उजव्या अंगाला घे," ती मागून म्हणाली. "म्होरं चिंच लागंल."

चिंच लागली. अमोल हसला, आई तुला गं काय ठावं, म्हणाला. पाण्याकडचा रस्ता कळतो, ती म्हणाली. त्या सुकटवाल्या बाईने सांगितलं असेल, हे मी माझ्या मनाला सांगितलं. मन तयार झालं. मन लवकर तयार होतं.

खाडीच्या काठाला खानावळ होती. माशाचं ताट आलं. आमच्या घरात मासा शिजला की मुंडकं रंभाचं, हे लग्न होऊन आली तेव्हापासूनचं. मधल्या तुकड्या आम्हाला वाढायची आणि आपण मुंडकं चोखत बसायची, त्यातच गोडी असते म्हणायची. पुढे पुढे मला वाटायला लागलं होतं की तिला ते खरंच आवडतं. त्या दिवशी तिने मधली तुकडी उचलली, सगळ्यांच्या आधी, आणि मुंडकं ताटाच्या कडेला सारलं. सायली खूश झाली. आत्या आज खुशीत हायेत, म्हणाली.

तो मोका साधून अमोलने थट्टेवारी विचारलं, मग आई, तंबूवाल्याला काय सांगू?

"देऊन टाक की," ती म्हणाली.

अमोलचा घास हातात राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून तो भराभरा जेवायला लागला, बोललो तर आईचं मन फिरेल अशा भीतीने. मी कडेला सारलेल्या त्या मुंडक्याकडे बघत राहिलो.

५

बोटीवर गाड्या चढल्या. माणसं उतरून कठड्याला उभी राहिली, पाखरांना खाऊ टाकायला लागली. ती गाडीतच बसली. बोट खाडीच्या मध्यावर गेली तेव्हा डाव्या हाताला तो जुना धक्का दिसू लागला.

मी पडदा आलेला डोळा मिटला आणि दुसऱ्याने पाहिलं. रांग नव्हती. टोकाला एकच बाई बसली होती. एक गुडघा वर, त्यावर कोपर. रंभा अशीच बसते. पण आमच्याकडच्या पुष्कळ बाया अशाच बसतात, मी मनाला म्हटलं. इकडच्याही बसत असतील.

मग धक्क्यावरची ती उठली. बोटीकडे तोंड करून, कपाळाला हात लावून बघायला लागली. आणि तिचा दुसरा हात चालू लागला. वर, खाली, मग बाजूला झटकल्यासारखा. आवाज ऐकू येण्याइतका धक्का जवळ नव्हता. पण तो हात मला पाठ होता. ती मला रागवत होती. लक्ष कुटं असतं तुमचं, मला टाकून निघालासा, सगळं. शब्द न् शब्द मला त्या हातावरून वाचता येत होता, ज्याला कागदावरचं एक अक्षर येत नाही त्याला.

मी मागे पाहिलं. गाडीच्या काचेत ती बसली होती. हात मांडीवर. माझ्याकडे बघून तोंड मिटून हसत होती.

"तिकडं नगा बघू," ती हळू म्हणाली. "डोळं दुखतील."

मी नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा. रंभे, म्हणून ओरडलो, कठड्यावर वाकून, पुन्हा पुन्हा. पाखरं उडाली. कुणी पोरं हसली. सायली धावत आली, मामा, काय झालं, आत्या हितं गाडीत हायेत. अमोलने मागून धरलं, मी पडेन म्हणून. मी म्हटलं, बोट थांबव. पण एका म्हाताऱ्यासाठी बोट काय थांबते.

धक्का लहान होत गेला. हात अजून चालला होता. मग तो थांबला, आणि ती पुन्हा खाली बसली. थकून नव्हे. कुणी यायचं असलं की बसतात तशी.

६

पलीकडे उतरल्यावर मी रस्त्यात बसलो. गाडीत चढणार नाही म्हणालो. अमोल लोकांदेखत माझ्यावर चिडला, मग त्याला लाज वाटली, मग गाडी वळवून त्याने पुन्हा बोटीच्या रांगेत लावली. मुरूड बघायचं राहिलं, पुढचे धक्के राहिले. सायली रडवेली झाली होती. तिचा बिचारीचा यात काही दोष नव्हता.

येताना मी सगळा वेळ कठड्याला उभा होतो. धक्क्याचं टोक दिसलं नाही. पाणी वाढलं होतं.

कच्च्या रस्त्याने आम्ही पुन्हा तिथे गेलो. सूर्य अजून सुरूच्या शेंड्यावर होता. धक्का निम्म्यावर पाण्याखाली गेलेला, टोकाचा पत्ता नाही. पाणी आलं होतं तिथपर्यंत मी चालत गेलो. नाव घेऊन हाका मारल्या. एकदा तोंडातून निघाल्यावर ते नाव किती सोपं होतं. फटी भरल्या होत्या, त्यामुळे खालचा तो आवाजही बंद होता. नुसतं पाणी, दुपारी ती बसली होती त्या जागेवरून सपाट.

मागे गाडीची काच खाली झाली.

"भरती हाय आता," ती म्हणाली. "उंद्या दुपारच्याला उघडं पडंल."

आमच्या धरणाला भरती नसते. पाणी पावसात चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं, एवढंच आम्हाला माहीत. मी अमोलकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं. त्याने माझ्या दंडाला धरलं, वासराला नेतात तसं मला गाडीकडे नेलं आणि म्हणाला, आण्णा, घरी चला. उन्हानं झालंय.

७

मी प्रयत्न केला, खरंच केला. सगळ्यांनी सांगितलं, डोळ्याला पडदा, त्यात पाण्याची तिरीप, त्यात दिवसभराचा प्रवास. मीही मला तेच सांगितलं. ही घरात वावरते, पाऊल चुकत नाही. तिखटाचा डबा कुठे, कुणाचं लग्न कुठल्या घरात झालं, सगळं हिला ठाऊक. मग रंभा नाही तर कोण? असा माणूस कुठे बदलतो का? दिवसा उजेडी, चार माणसांत?

पण ती मला बोलत नव्हती.

मी बघायचं ठरवलं. पाण्यावरून आल्यावर ओला दोर अंथरुणावर ठेवला. तिने उचलून खुंटीला लावला. चिखलाचे पाय घेऊन नुकत्याच सारवलेल्या ओसरीवरून चालत गेलो. तिने मागून पोतेरं फिरवलं. जेवायला बोलावलं तर मुद्दाम गेलो नाही, दुपार कलल्यावर गेलो. तिने कालवण पुन्हा ऊन केलं, पुढ्यात ठेवलं, आणि म्हणाली, "असू द्या."

रंभाने आयुष्यात मला कधी असू द्या म्हटलं नव्हतं. मी त्या ताटावर बसून रडलो. ती समोर बसून बघत होती, मांडीवर हात ठेवून, गोड चेहऱ्याने.

दुपारी ती जरा आडवी होते. मी खाटेवर असतो. तिचा श्वास ऐकू येतो. आत घेतलेला श्वास लांबत जातो, लांबतच जातो, मला वाटतं आता संपला. मग तो सगळा एकदम बाहेर येतो आणि शेवटी बारीक खळखळतो, जसे खडे मागे ओढले जातात. मी उठून बांधावर जाऊन बसतो.

आता बांधही नाही म्हणा. खाचर दिलं. कागदावर आधी तिचा अंगठा लागला, पाठोपाठ माझा. मी कुणासाठी अडून बसणार होतो? मशिनने बांध एका सकाळीत सपाट केला. ती शेजारी उभी राहून बघत होती. रंभा त्या मशिनपुढे आडवी पडली असती, आणि चालवणाऱ्याच्या आईबापाचा उद्धार केला असता.

जुईली परवा म्हणाली, "आजी किती शांत झाल्यात ना, आजोबा? मेडिटेशन वगैरे करतात का?" सायलीला आता सासरी बरं वाटतं. तिच्या माहेरचे येऊन चार दिवस राहून गेले. अमोलची सहल तर जोरात चालली आहे. दर शनिवारी ती गाडीत पुढे बसून जाते. कुठल्या धक्क्यावर कुठल्या वेळेला काय लागेल ते पाहुण्यांना सांगते, आणि ते लागतं. पाहुणे तिच्याबरोबर फोटो काढून घेतात. तोंड मिटून ती छान हसते.

मला कुणी नेत नाही. आण्णांना उन्हाचं सोसत नाही, असं ठरलं आहे. मी एकदा एकटाच एसटीने निघालो होतो. अमोलने पिरंगुटच्या अलीकडे गाठलं, कारण मी उलट्या बाजूच्या गाडीत बसलो होतो. पाटी वाचता येत नाही त्याचं असं होतं.

८

मग परवा मी अमोलला सरळ सांगितलं. तो गाडी धूत होता. पायपुसण्या काढून दगडावर वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावर पांढरं मीठ धरलं होतं.

मी म्हटलं, "अमोल, ही तुजी आई न्हाई."

तो धूतच राहिला. चाकं धुतली, दारं धुतली, तिच्या बाजूचं दार दोनदा धुतलं. मग नळी बंद केली आणि माझ्याशेजारी दगडावर येऊन बसला. समोर तंबूवाल्यांची पोरं खाचराच्या जागी हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरत होती.

"आण्णा," तो म्हणाला, "घरात तंटा न्हाई. सायली सुखात हाय. तुमाला गरम जेवण मिळतंय." मग थांबला. "ही बरी हाय न्हवं?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. ज्याला ठाऊक नसतं तो माणसाकडे बघून बोलतो.

मला वाटलं होतं मला राग येईल. आला नाही. एवढासा होता तेव्हा त्याला पाठीवर बांधून त्याची आई याच पाण्याकाठी भाताची आवणी करायची, आणि तो रडला की त्यालाही बोलायची. ती एक गोष्ट त्याला सांगावी असं वाटलं. पण सांगून काय होणार होतं? त्याला आई मिळाली आहे, हवी होती तशी. मी म्हटलं, येत्या शनिवारी मलाबी ने. माझं आता काही म्हणणं न्हाई.

त्याचा चेहरा खुलला. खरंच खुलला, लेकरासारखा. त्याने आत जाऊन सांगितलं. ती दारात आली, चौकटीला हात टेकून उभी राहिली. पहिल्यांदाच ती माझ्याकडे नीट, टक लावून बघत होती.

"या की," म्हणाली. "जागा हाय तितं."

उद्या शनिवार. दुपारी धक्का उघडा असेल, मी तिलाच विचारून घेतलं आहे. हो म्हणाली, टोकापर्यंत कोरडं असंल. मी चालत जाणार. रांगेत जी एक गुडघा वर करून बसली असेल तिच्याशेजारी बसणार. नसेलच तिथे तर काय, हा विचार मी करून झाला आहे. तरी बसणार. अमोल हॉर्न देईल, हाक मारील. मग कुणीतरी उठेल आणि गाडीकडे जाईल. तो जो कुणी असेल त्याला माझी खाट आहे, दोन सदरे आहेत. पाटी बहुतेक त्याला वाचता येईल. अमोलबरोबर तो धक्क्यावर उभा राहील, पाहुण्यांशी बोलेल, आणि पोराला त्याची संगत माझ्यापेक्षा आवडेल. त्याचं मला वाईट वाटतं, नाही असं नाही. पण ती तिथे आहे, आणि उन्हात आहे.

आज संध्याकाळी कोनाड्यात हात घातला तर तिची मिश्रीची डबी लागली. ही मिश्री लावत नाही, त्यामुळे झाकणावर धुळीचा थर. आतली ओल धरून गोळा झाली होती. मी चुलीशी बसलो, नवी तंबाखू तव्यावर टाकली आणि तिला लागते तशी अगदी काळी होईपर्यंत भाजली. धुराने सगळ्या घराला ठसका लागला. सायली खोकत बाहेर पळाली. ही मात्र धुरात बसून राहिली, डोळे न मिटता. थंड झाल्यावर चुरून डबी भरली, फडक्यात बांधली आणि बंडीच्या आतल्या खिशात घातली.

इतके दिवस मिश्रीवाचून काढलेत तिने, त्या खाऱ्या वाऱ्यात. उद्या गेल्याबरोबर आधी मला बोलणी खावी लागणार आहेत.